बारा गाड्या आणि भुईकाटा

भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला काटा. वरून पाहिलं तर नुसती लोखंडी फळी दिसते. कांद्याची भरलेली गाडी तिच्यावर उभी करतात, बैल सोडून बाजूला घेतात, आणि शेजारच्या खोलीतला माणूस दांडीवरचं वजन सरकवून आकडा लिहितो. गाडी मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामी होते, परत येते, पुन्हा तोलली जाते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की कांदा उरतो. त्या खोलीतला माणूस म्हणजे मापारी. नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा बाजारात मी चोवीस वर्षं मापारी आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे? यात दुसरं तोलणं आहे. सगळी लबाडी पहिल्या आणि दुसऱ्या तोलण्याच्या मध्ये होते. चांदवडकडचा एक शेतकरी एकदा भरल्या गाडीवर म्हातारीला बसवून घेऊन आला. गाडी रिकामी होऊन परत आली तेव्हा म्हातारी नव्हती.

"आई कुठे गेली?" मी विचारलं.

"बाजारात गेली, साहेब."

"मग व्यापाऱ्यानं तिला कांद्यात का घ्यायची?"

म्हातारीला शोधून आणली, रिकाम्या गाडीवर बसवली. मधल्या वेळात तिनं गूळ घेतला होता. ती पिशवी मी खाली ठेवायला लावली. ती मुलाला म्हणाली, "मेल्या, तरी मी म्हणत होते, याच्या काट्यावर नको जाऊ." हे मी माझ्या कामाचं प्रशस्तिपत्रक समजतो. आणि अशा माणसाला देवानं कशासाठी बोलवावं, हे मला अजून समजलेलं नाही. तीच हकिगत लिहितो.

आमचं गाव सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. चैत्रात खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यात बारा गाड्या ओढतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बारा बैलगाड्या एकामागे एक दोरानं बांधायच्या, बैल नाहीत. गाड्यांत माणसं बसतील तेवढी. पहिल्या गाडीचा दोर एका माणसाच्या कंबरेला. तो अंगभर हळद लावून, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेला, देवळापर्यंत त्या सगळ्या गाड्या एकटा ओढत नेतो. त्याला भगत म्हणतात आणि धरणाऱ्या दोघांना बगले. भगत गाव निवडत नाही, देव निवडतो.

आमच्या गावात सत्तावीस वर्षं कोंडाजीबाबा भगत होते. ते आमच्याच बाजारात हमाल होते. मी जे तोललं त्यातलं निम्मं त्यांनी पाठीवरून वाहिलेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या यात्रेत गाड्या अर्ध्या वाटेत थांबल्या. बाबा गुडघ्यांवर पडले आणि गाड्या हलल्याच नाहीत. त्या वर्षी गारपीट झाली. गारपीट शेजारच्या गावांतही झाली, पण तिथे गाड्या ओढत नाहीत, त्यामुळे तिथल्यांना कारण सापडलं नाही. आमच्याकडे कारण तयार होतं.

पुढच्या माघात नवा भगत ठरवायला देवळात कौल लावला. खंडोबाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या तांदळानं एकेक सुपारी चिकटवायची, नाव घ्यायचं, आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला बोलावलं होतं ते नावं लिहायला. माझं अक्षर चांगलं, आणि मी कुणाचा नाही अशी ख्याती. सकाळपासून दुपारपर्यंत सतरा नावं झाली. पैलवान झाले, पाटलाचे दोन्ही मुलगे झाले, विहिरी खोदणारे झाले. सतरा वेळा डावी. ज्याला नाही आलं तो तोंड पाडून बाहेर जायचा आणि बाहेर जाऊन विडी पेटवायचा.

बाबा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "कुणीच नाय तर मीच हाय की."

बाबा एकाहत्तर वर्षांचे होते. गुडघ्यांत पाणी झालं होतं. देवळाच्या सहा पायऱ्या चढायला त्यांना दोघांनी धरलं होतं. ते थट्टा करत नव्हते.

"कोण राहिलं?" दौलतआबांनी विचारलं. आबा यात्रेचे पंच, गावातले सगळ्यात जड गृहस्थ, बोलण्यातही.

"मापारी राहिला," गुरव म्हणाला.

"मी यादी लिहिणारा आहे," मी म्हणालो. "यादी लिहिणारा यादीत नसतो."

"हा नियम देवाला सांगितला का कुणी?" आबा म्हणाले. "लाव रे सुपाऱ्या."

उजवी पडली.

मी म्हणालो, पुन्हा लावा. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदाही उजवी. मी चौथ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा आबा चिडले. "मापारी, कांद्याची गाडी चार वेळा तोलतो का तू?"

"शंका असली तर तोलतो. आबा, दुपार झाली. दारातून ऊन देवाच्या उजव्या खांद्यावर आलंय. तांदूळ वाळले की उजवी पडणारच. सकाळी ऊन नव्हतं."

आबांनी मूर्तीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऊन कुणाचं?" ते म्हणाले.

मी चष्मा पुसून पुन्हा त्या खांद्याकडे पाहिलं.

तरीसुद्धा मी नकार देणार होतो. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा, वजन एकोणपन्नास किलो, चष्म्याचा नंबर मोठा. भुईकाट्यावर मी नुसता उभा राहिलो तर दांडी हलायची, पण आकडा सांगण्याइतकी हलायची नाही. पण मी नाही म्हटलं तर बाबा ओढणार होते, आणि ओढताना मरणार होते. हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं, आणि बाबांना थांबवायची छाती कुणाला नव्हती. मी सही केली. म्हणजे यादीत अठरावं नाव लिहून त्यापुढे 'होय' लिहिलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला पाण्याची घागर चढवून ठेवता येत नाही."

"देवाला तसं कळवलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"मग ऊन आलं."

ती उठून शेजारणीकडे गेली. मुलं झाल्यापासून तिनं मला न सांगता शेजारणीकडे जाण्याची ती पहिली वेळ.

भगताला यात्रेआधी नऊ दिवस देवळात राहावं लागतं, अळणी जेवावं लागतं. मी बाजाराच्या सचिवांकडे रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी लिहिलं, 'बारा गाड्या ओढणे'. सचिव शहरातले. त्यांनी विचारलं, "एकट्यानं?"

"होय."

"मग नऊच दिवस पुरतील का?"

पण रजेआधी मला आकडा हवा होता. माझ्या हातून आजवर काही न तोलता पुढे गेलं नव्हतं. ज्या बारा गाड्या यात्रेला लागतात त्या एकेक करून मी बाजाराच्या दिवशी काट्यावर घेतल्या. रिकाम्या बारा गाड्यांची बेरीज एकोणपन्नास क्विंटल साठ किलो झाली. मग मी एका भरल्या गाडीला ताणकाटा लावून ओढून पाहिलं. ताणकाटा म्हणजे आकड्याला अडकवून ओढायचा स्प्रिंगचा काटा. माझा जोर सव्वीस किलोवर संपला. गाडी तर तेवढ्यानं हललीही नाही. तिथले हमाल हसू दाबत उभे होते. मी आकडा लिहून घेतला.

म्हणून बाबांना विचारायला गेलो. ते घरासमोर बाजेवर पाय सोडून बसले होते.

"बाबा, तुम्ही कसं करत होता? खरं सांगा. हिशेब बसत नाही."

"कसला हिशेब?"

"जोर सव्वीस किलोचा. माणसांसकट वजन दीडशे क्विंटलांच्या वर."

बाबांनी खूप विचार केला. "मी काय सांगू? पुढं देऊळ दिसायचं. पाय टाकायचो. भगतानं मागं पाह्यचं नसतं, तेवढं ध्यानात ठेव."

"कधीच पाहिलं नाही?"

"सत्तावीस वर्षांत एकदा बी नाय," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

वाईट सल्ला नव्हता. फक्त तो ज्याला दिला तो माणूस दुसऱ्या तोलण्यावर, म्हणजे मागे पाहण्यावरच, पोट भरत होता.

मी पंचांपुढे अट घातली. एका गाडीत पंधराच माणसं, आणि प्रत्येकाला बसण्याआधी तोलायचं. आबा म्हणाले, "देवाच्या गाडीत बसायला वजन?" मी म्हणालो, "ओढणारा मी आहे. किती ओढतोय ते मला माहीत पाहिजे." आबा म्हणाले, हा वेडा झाला. गुरव म्हणाला, अंगात यायला लागलंय. यामुळे अट मान्य झाली.

यात्रेच्या सकाळी गोण्या तोलायचा छोटा काटा मी बाजारातून परवानगीनं आणला आणि देवळापुढच्या लिंबाखाली मांडला. हळद लावायला वेळ होता. मी पंचा नेसून, उघडा, वही घेऊन बसलो. रांग नदीपर्यंत गेली. फेटेवाले म्हातारे काट्यावर चढताना आधी काट्याला नमस्कार करायचे, कारण मी तिथे बसलो होतो आणि मी भगत होतो. बायकांनी सांगितलं, आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही. मी मनात वाचून लिहीत गेलो. एका बाईनं काट्यावरून उतरल्यावर मला दक्षिणा द्यायचा प्रयत्न केला. पेठकडून द्राक्षाच्या कामाला आलेला एक मजूर रांगेत पुढच्याला विचारत होता, "इकडं देव तोलून घेतो काय?" पुढचा म्हणाला, "यंदापासून."

एकशे ऐंशी माणसं झाली. अठ्ठ्याऐंशी क्विंटल पंधरा किलो. गाड्या धरून एकशे सदतीस क्विंटल पंचाहत्तर किलो. त्यानंतर रांगेत जे उरले, आणि ते साठ-सत्तर तरी होते, त्यांना मी परत पाठवलं. ते खूप रागावले.

मग चष्म्याचा प्रश्न निघाला. भगतानं चष्मा लावलेला कुणी पाहिला नव्हता. मी सांगितलं, चष्म्याशिवाय मला देऊळ दिसत नाही, मी सरळ नदीत जाईन. पंचांनी बाजूला जाऊन विचार केला आणि निकाल दिला की चष्मा लावावा, पण त्यालाही हळद लावावी. ती लावली. त्यामुळे पुढचं सगळं मी पिवळं पाहिलं.

ऊन उतरल्यावर कोंडाजीबाबांना बाजेसकट उचलून आणलं. त्यांनी दोराचा पट्टा माझ्या कंबरेला स्वतः बांधला. गाठ हमालाची, पक्की.

"मागं पाहू नको," ते कानात म्हणाले, आणि त्यांना बाजेवरून देवळाच्या पायरीशी नेऊन ठेवलं.

ढोल सुरू झाले. येळकोटाचा गजर झाला. भंडारा उडाला. दोन बगल्यांनी माझे दंड धरले. अंतर मी आधी मोजलं होतं, दोनशे चौदा पावलं. मी ओढलं. काही झालं नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. मी पुन्हा ओढलं. पट्टा पोटात रुतला, डोळ्यांपुढे काजवे आले, तेही पिवळे. मग मागे कुठेतरी एक आख करकरलं, आणि मी एक पाऊल पुढे गेलो. मग दुसरं. पाच, सहा, सात पावलं मी मोजली. आठव्या पावलाला दोर सैल झाला.

दोर सैल म्हणजे ओझं नाही. ओझं नाही तर एकशे सदतीस क्विंटल पंचाहत्तर किलो गेलं कुठे? बायकोची, देवाची, बाबांची, कुणाचीही शपथ घातली असती तरी त्या क्षणी मी थांबलो नसतो. मी मागे पाहिलं.

प्रत्येक चाकामागे माणसं होती. पाठी वाकवून, आऱ्यांना हात घालून, तोंडानं येळकोट करत ढकलत होती. ज्यांना मी रांगेतून परत पाठवलं होतं ते सगळे तिथे होते. दर वर्षी ते गाडीत बसत, म्हणून ढकलायला थोडे उरत, आणि भंडाऱ्याच्या धुरळ्यात ते कुणाला दिसत नसत. यंदा माझ्या अटीमुळे त्यांना दुसरं कामच नव्हतं. आणि ते रागात होते. पहिल्या गाडीचं जू माझ्या पाठीपासून दोन हातांवर होतं आणि जवळ येत होतं.

मी पळालो. ओढायला नाही, जिवाच्या भीतीनं पळालो. एका बगल्याचा फेटा गेला, दुसरा बगल्या चाळीसाव्या पावलाला सुटला. मी ओरडत होतो, "थांबवा! थांबवा!" ढोलात ते गजरासारखं ऐकू आलं असावं, कारण लोकांनी त्याला साथ दिली. जू मागे, मी पुढे. देऊळ आलं, गेलं. देवळापलीकडे कडब्याची गंजी होती. मी तिला वळसा घालून पडलो आणि पहिली गाडी गंजीत घुसली. मागच्या अकरा एकमेकींना थडकून उभ्या राहिल्या. कुणाला खरचटलं नाही, ही एकच गोष्ट त्या दिवशी मी देवाच्या नावावर लिहायला तयार आहे.

लोक धावत आले. मला खांद्यावर घेतलं. गावाच्या आठवणीत गाड्या इतक्या वेगानं कधी गेल्या नव्हत्या.

"मी ओढल्या नाहीत," मी वरून सांगत होतो. "दोर सैल होता! सैल होता दोर!"

"ऐका!" दौलतआबा गर्दीला म्हणाले. "दोर सैल होता म्हणतो. आजवर सगळ्यांचे दोर ताणलेले. सैल दोरानं ओढल्या यानं!"

त्यानंतरचा गजर नदीपलीकडे ऐकू गेला म्हणतात. माझ्या सगळ्या नोकरीत मी सांगितलेला आकडा कुणी नाकारला नव्हता. त्या दिवशी अख्ख्या गावानं नाकारला, आणि तोही मला खांद्यावर बसवून.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी आंघोळ केली आणि बाबांकडे गेलो. ठरवून गेलो होतो. सगळं सांगायचं, पट्टा परत द्यायचा, आणि माझं नाव काढून टाका म्हणायचं. गाड्या गाव ढकलतं हे एकदा बाबांनीच सांगितलं तर गाव ऐकेल, असा माझा विचार होता.

बाबा एकटेच होते. मी जमिनीवर बसलो.

"बाबा, मी मागं पाहिलं."

ते हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी माझ्या मनात बी आलं होतं पाह्यचं. अर्ध्यात थांबल्या तव्हा. वाटलं, पाहावं, देव हाय का गेला. नाय पाह्यलं. पण गेला असंल. नायतर थांबल्या नसत्या." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "गारा बी माझ्यामुळंच."

आता माझी अडचण नीट लक्षात घ्या. त्यांना मी खरं सांगितलं असतं तर गारांचं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरलं असतं. गाड्या थांबल्या कारण ढकलणारे कमी पडले. दुष्काळात कामाला बाहेर गेलेली निम्मी माणसं अजून परतली नव्हती. देवाचा काही संबंध नव्हता. पण ज्या वाक्यानं ते एक वर्ष सुटलं असतं त्याच वाक्यानं आधीची सव्वीसही गेली असती. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला सव्वीस. मी आयुष्यभर वजाबाक्या केल्या. ही करता येईना.

"काय पाह्यलंस?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो, "चष्म्याला हळद होती. नीट दिसलं नाही."

हळद होती हे खरं आहे.

बाबा म्हणाले, "तू सगळ्यांना तोललं म्हणं. किती भरलं?"

"एकशे सदतीस क्विंटल पंचाहत्तर किलो."

"अन् माझ्या वेळंला किती असंल?"

"तुमच्या वेळी तोललं नव्हतं."

"अरे अंदाजानं सांग की. मापारी हायेस ना?"

अंदाजानं मी कधी वजन सांगत नाही. बाजारात व्यापारी पाया पडले तरी सांगत नाही. पण मी मनात धरलं, गाडीला वीस माणसं, माणसाला पन्नास किलो, अधिक गाड्या.

"एकशे सत्तर," मी म्हणालो. "ढोबळ मानानं."

बाबा बाजेवर सरळ बसले. तीस वर्षं गोण्या वाहिलेला माणूस, वजाबाकी त्याला सांगावी लागली नाही.

"म्हंजे बत्तीस क्विंटल अन् वर पाव," ते म्हणाले. "लय मागं हायेस तू."

दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्या हमालांना ते माहीत होतं. मी काट्यावर बसलो की कुणीतरी जाता जाता म्हणायचं, "बत्तीस अन् पाव!" बायकोनंही एकदा म्हटलं, घागर चढवताना.

मी भगत राहिलो, अकरा वर्षं. दर वर्षी तोलत आलो, दर वर्षी पळत आलो, पण गंजी दुसरीकडे हलवून घेतली. पंधराची अट लोकांनी हळूहळू वाढवत नेली. सोळा, अठरा, मग वीस. बाबा नऊ वर्षं जगले, आणि प्रत्येक यात्रेच्या संध्याकाळी बाजेवर बसून आकड्याची वाट पाहायचे. त्यांच्या शेवटच्या यात्रेला मी वहीत बेरीज केली तेव्हा ती एकशे एकोणसत्तर क्विंटल ऐंशी किलो आली, बाबांच्या एकशे सत्तरला वीस किलो कमी, आणि दौलतआबा काट्यावर चढायचे बाकी होते. आबांचं वजन ब्याऐंशी.

"आबा," मी वही मिटत म्हणालो, "यंदा तुम्ही ढकला."